जुन्या संकेतस्थळांच्या फायली चाळताना

बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्यांचं बोट धरून गेले, तेव्हा संदर्भ विभागात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली पहिल्यांदा पाहिल्या. एकेक फाइल उचलायला दोन माणसं लागत. पानं तपकिरी झालेली, कडा तुटणाऱ्या, पण जे छापलं होतं ते तसंच समोर होतं. फाइल म्हणजे असं काहीतरी, हे तेव्हा डोक्यात बसलं आणि पुढे ते पुसायला मला फार वेळ लागला.

बारा वर्षांपूर्वी मी एक काम हाती घेतलं. मुंबईतली मराठी दैनिकं आणि गिरगाव ते परळ पट्ट्यातल्या काही जुन्या संस्था इंटरनेटवर आल्या, तेव्हा त्यांची संकेतस्थळं कशी बदलत गेली आणि त्या बदलांतून आतली संस्था कशी बदलली, हे मला समजून घ्यायचं होतं. मुख्य साधन होतं इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हा साठा करायला सुरुवात केली आणि २००१ पासून तो सगळ्यांसाठी खुला झाला. संकेतस्थळाचा पत्ता टाकला की त्याची जुनी रूपं तारखेनुसार समोर येतात. ऐकायला सोपं वाटतं. त्या कामात जे शिकले ते इथे लिहिते आहे. हे काम पुढे कोणी करणार असेल, तर त्याची माझ्याइतकी वर्षं जाऊ नयेत.

१. आधी अक्षरं दिसू द्या

२००० सालच्या आसपासचं मराठी दैनिकाचं पान उघडलं, की समोर रोमन अक्षरं, टिंबं आणि कंस यांची खिचडी येते. नवखा माणूस तिथेच पान बिघडलंय असं समजून उठतो. पान बिघडलेलं नसतं. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक दैनिकाचा स्वतःचा फाँट असे. रोमन अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. 'क' कोणत्या घरात, 'त्र' कोणत्या, हे प्रत्येकाचं वेगळं. पान उघडताना तो फाँट आपोआप उतरवून घेण्याची सोय होती, आणि तीसुद्धा इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक, नेटस्केपसाठी दुसरी. साठा करणाऱ्या यंत्राने पान उचललं, पण फाँटची फाइल प्रत्येक वेळी उचलली नाही.

यावर मला सापडलेला उपाय बाबांच्या धंद्यातलाच होता. त्याच तारखेचा छापील अंक ग्रंथसंग्रहालयात काढायचा, मथळा समोर ठेवायचा आणि खिचडीतलं एकेक चिन्ह त्याच्याशी जुळवायचं. तीस-चाळीस मथळ्यांत मुळाक्षरं सुटतात, जोडाक्षरांना महिनाभर जातो. तक्ता एकदा तयार झाला, की त्या दैनिकाची शेकडो पानं वाचता येतात. मी असे चार तक्ते केले.

एका ठिकाणी मात्र अडले. एका दैनिकाच्या २००१ मधल्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती. तिच्यातली ओळ वेगळ्याच, जाड फाँटात होती. ती सूचना फक्त संकेतस्थळासाठी लिहिलेली, छापील अंकात ती नव्हतीच, त्यामुळे जुळवायला काहीच नव्हतं. ती ओळ मी वहीत चिन्हं जशीच्या तशी उतरवून ठेवली.

२. मजकुराआधी पत्ता वाचा

संकेतस्थळाचा पत्ता हा संस्थेच्या रचनेचा पहिला पुरावा असतो. 'महाराष्ट्र टाइम्स' १९६२ पासून छापला जातो, पण इंटरनेटवर कित्येक वर्षं त्याचा पत्ता 'इंडियाटाइम्स'च्या पोटात होता आणि स्वतःच्या नावाचा पत्ता त्याला नंतर मिळाला. 'लोकसत्ता' १९४८ मध्ये सुरू झाला, तो एक्स्प्रेस समूहाचा. त्याच्या पानाच्या तळाशी समूहातल्या बाकीच्या प्रकाशनांचे दुवे दिसतात. या तळाच्या पट्टीकडे वाचक बघत नाही, अभ्यासकाने मात्र तिथूनच सुरुवात करावी. कोणतं भावंड केव्हा पट्टीत आलं, केव्हा गेलं, कोणाचा क्रम वर सरकला, यावरून घरातला कारभार कळतो. अमेरिकेत मॅथ्यू वेबर यांनी तिथल्या वर्तमानपत्रांच्या साठवलेल्या पानांमधले असे दुवे गोळा करून संस्था कशा बदलतात याचा अभ्यास केला आहे. त्यांचं काम वाचल्यावर मी मजकुराकडून दुव्यांकडे वळले.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते मराठी विश्वकोशाने. वाईला मुख्य कार्यालय, मुंबईचं कार्यालय प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिराच्या वास्तूत. पहिला खंड १९७६ चा, स्वतंत्र निर्मिती मंडळ १९८० पासून. २०११ मध्ये खंडांतल्या नोंदी संकेतस्थळावर आल्या. पुढे पत्ते बदलत गेले: आधी विश्वकोशाच्या नावाचा सुटा पत्ता, मग शासनाच्या छत्राखालचा, आणि नव्या ज्ञानमंडळांच्या नोंदींसाठी आणखी एक. खंड छापून संपवणारी संस्था नोंदी सतत सुधारत राहणारी संस्था होऊ लागली, हा मोठा बदल या पत्त्यांच्या ओळीत उमटलेला आहे. म्हणून सांगते, अभ्यास सुरू करण्याआधी संस्थेच्या सगळ्या जुन्या पत्त्यांची यादी करा. एकाच पत्त्यावर विसंबलात, तर संस्था अमुक साली जन्मली किंवा अमुक साली मेली असं लिहून बसाल.

३. प्रती मोजून निष्कर्ष काढू नका

एखाद्या वर्षी पानाच्या दोनशे प्रती साठवल्या गेल्या आणि आदल्या वर्षी सहाच, याचा अर्थ संस्था अचानक जागी झाली असा नाही. साठा करणारं यंत्र तिकडे जास्त वेळा फिरकलं, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक प्रतीसोबत मजकुराचा एक सांकेतिक ठसा नोंदलेला असतो आणि मजकूर तोच असेल तर ठसाही तोच राहतो. ठसे जुळवून बघितले, तर दोनशेपैकी खरोखर वेगळी पानं कधीकधी अकराच निघतात.

४. घड्याळ आणि पंचांग दोन्ही जवळ ठेवा

साठवलेल्या प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ही वेळ ग्रिनिचची असते. आपण साडेपाच तास पुढे. २६ जुलै २००५ च्या संध्याकाळी साडेसातचा शिक्का असलेलं पान मुंबईत २७ तारखेच्या पहाटे एकचं असतं. त्या रात्री हा फरक फार मोठा होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७३. फोर्ट-नरिमन पॉइंटच्या बाजूला बसलेल्या डेस्ककडे उपनगरांची बातमी केव्हा पोहोचली, हे ठरवताना साडेपाच तासांची चूक सगळा अर्थ उलटा करते. मी ती चूक केली होती आणि एका चर्चासत्रात तसं बोलूनही गेले होते. तिथल्या एका वयस्कर पत्रकारांनी नंतर बाजूला बोलावून शांतपणे सांगितलं, "बाई, त्या वेळी मी चालत सायनला होतो. ही बातमी तेव्हा कोणाकडेच नव्हती."

पंचांगाचं कारण लालबागने शिकवलं. गणेशोत्सव मंडळांची संकेतस्थळं पाहायला घेतली, तर प्रती पौषातल्या, फाल्गुनातल्या. यंत्राला भाद्रपद माहीत नसतो. पान झोपलेलं दिसलं म्हणून मंडळ झोपलेलं नसतं. आणि वर्षावर्षांची तुलना करताना तारखेला तारीख लावून चालत नाही. चतुर्थी २०१९ मध्ये २ सप्टेंबरला होती, २०२० मध्ये २२ ऑगस्टला, २०२१ मध्ये १० सप्टेंबरला. १ सप्टेंबरची तीन वर्षांची तीन पानं शेजारी ठेवली, तर एक उत्सवाच्या आदल्या दिवसाचं, दुसरं अनंत चतुर्दशीचं आणि तिसऱ्यात मंडप अजून उभा राहतोय. २०२० चं तर सगळंच वेगळं. लालबागच्या राजाच्या मंडळाने, १९३४ पासूनच्या मंडळाने, त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवलं. एरवी दर्शनाच्या रांगेभोवती उभी राहणारी यंत्रणा दुसऱ्याच कामाला लागली. असा बदल समजायचा तर त्याच तिथीच्या आसपासची पानं हवीत. नसतील, तर तसं स्पष्ट लिहावं आणि थांबावं.

५. एक पान म्हणजे एक दिवस नव्हे

साठवलेलं पान उघडतं तेव्हा मजकूर एका तारखेचा, छायाचित्र तीन आठवड्यांनंतरचं आणि वरची जाहिरात पुढच्या वर्षाची असं होऊ शकतं. यंत्राने हे तुकडे वेगवेगळ्या वेळी उचललेले असतात आणि उघडताना जवळात जवळच्या तारखेचे तुकडे जोडून दाखवलेले असतात. डेन्मार्कचे अभ्यासक नील्स ब्रुगर म्हणतात की साठवलेलं संकेतस्थळ ही मूळ पानाची नक्कल नसते, ती नव्याने झालेली घडण असते. बांधीव फायलीची सवय असलेल्या मला हे पटायला वेळ लागला. एका संस्थेच्या पानावर नव्या अध्यक्षांचं छायाचित्र आणि जुन्या कार्यकारिणीची यादी एकत्र दिसली, तेव्हा सत्तांतराच्या मधल्या संघर्षाचा पुरावा हाती लागला असं वाटून मी दोन पानं लिहून काढली. नंतर चित्राच्या फाइलची तारीख पाहिली. ते सात महिन्यांनंतरचं होतं. ती दोन पानं फाडली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची तारीख वेगळी तपासते.

६. 'संपर्क' हे पान सर्वांत आधी उघडा

'आमच्याविषयी' या पानावर संस्था स्वतःला हवी तशी दाखवते. 'संपर्क' या पानाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि म्हणूनच तिथे जुनी माहिती उरते. मुंबईचे दूरध्वनी सातांवरून आठ आकडी झाले, तेव्हा कोणी पुढे दोनचा आकडा लावला आणि कोणी नाही, यावरून संकेतस्थळाकडे बघणारं माणूस त्या कार्यालयात होतं की नव्हतं हे कळतं. जुलै २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानक प्रभादेवी झालं. त्या भागातल्या ज्या वीस-पंचवीस संस्था माझ्या यादीत होत्या, त्यांची संपर्काची पानं मी महिन्यामहिन्याने पाहिली. काहींनी आठवड्यात पत्ता बदलला, काहींचा तसाच राहिला. तसाच राहिलेल्यांपैकी दोन ठिकाणी जाऊन विचारलं. एका ठिकाणी संकेतस्थळ करून देणारा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला होता आणि पासवर्ड त्याच्याकडेच होता. दुसऱ्या ठिकाणी कार्यवाह म्हणाले, "ताई, आमचं सगळं आता व्हॉट्सॲपवर चालतं. ते जुनं कोण बघतंय?" संस्था बदलली होती. कारभार तिथून उठून दुसरीकडे गेला होता आणि ती दुसरी जागा कोणत्याही साठ्यात येत नाही.

७. शोधशब्द दोन्ही रूपांत टाका

हा मुद्दा बारीक आहे, पण मराठीत काम करणाऱ्याला तो कोणत्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. 'कर्मचाऱ्यांना' हा शब्द संस्थेतल्या बदलाच्या अभ्यासात पदोपदी लागतो. त्यातला 'ऱ्य' काही संगणकांवर साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह असा टंकला जातो, काहींवर नुक्त्याचा ऱ वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. तसंच 'ॲ'चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन काम भागवलं जायचं आणि आजही अनेक जण तसंच लिहितात. एकाच रूपाने शोध घेतला, तर अमुक वर्षापर्यंत ॲपचा उल्लेखच नव्हता असं दिसतं. माझ्या पहिल्या मोजणीत कर्मचाऱ्यांचे उल्लेख एका वर्षी निम्म्यावर आले होते. कारण एवढंच, की त्या वर्षी डेस्कवरचा कळफलक बदलला होता.

८. पानाचा अर्थ माणसांना विचारा

यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण मला खरं सांगायचं आहे ते हेच.

पहिल्या मुद्द्यातल्या त्या दैनिकाच्या १९९९ ते २००३ च्या प्रतींचे शिक्के मी तासांनुसार मांडले. ग्रिनिचचे साडेपाच तास मिळवूनसुद्धा असं दिसत होतं, की सकाळी सात-आठला घेतलेल्या प्रतीत आदल्या दिवसाचा अंक असे आणि दहानंतरच्या प्रतीत त्या दिवसाचा. छापील अंक पहाटे दादर स्थानकाबाहेर गठ्ठ्यांनी पडलेला असायचा, तर संकेतस्थळावर तो यायला साडेनऊ-दहा का वाजत? मी कारणं शोधली: मोडेमचा वेग, फाँट बदलून घेण्यात जाणारा वेळ, माणसं कमी. तीनही कारणं पटण्यासारखी होती आणि माझ्या टिपणात ती तशीच गेली असती.

पण गिरणगावाबद्दलचं एक पुस्तक मी त्याच दिवसांत पुन्हा वाचत होते, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'कथा मुंबईच्या गिरणगावची'. १९८२ च्या संपाची सरकारी आकडेवारी कपाटं भरून आहे. तरीही त्या लेखिका लालबाग-परळच्या खोल्याखोल्यांत जाऊन बसल्या, माणसांना बोलू दिलं, आणि जे कागदावर नव्हतं ते मिळालं. माझा विषय लहान, पण पद्धत तीच हवी असं वाटलं. म्हणून त्या दैनिकाच्या संगणक विभागात तेव्हा असलेल्या एका गृहस्थांना गाठलं. ते निवृत्त होऊन परळच्या जुन्या चाळीत राहत होते. चहा झाला, माझे आलेख त्यांनी चष्मा लावून पाहिले.

"काका, अंक चढवायला इतका उशीर का व्हायचा?"

"उशीर? पानं पहाटे तीनलाच तयार असायची. आम्हाला चढवू देत नव्हते."

वितरण विभागाचा आग्रह होता, की स्टॉलवरचा अंक खपेपर्यंत संकेतस्थळावर नवा अंक दिसता कामा नये. विक्रेत्यांची तक्रार येईल, परतावा वाढेल. संपादकीय विभागाला ते पटत नव्हतं. रोज पहाटे एक माणूस तयार पानांसमोर साडेनऊ वाजण्याची वाट बघत बसायचा. पुढे केव्हातरी ही अट उठली आणि त्याच सुमारास वितरण विभागाचे प्रमुख बदलले. माझ्या आलेखातली उशिराची रेषा म्हणजे दोन विभागांमधली चार वर्षांची ओढाताण होती. पानावर तिची एक ओळ नव्हती. निदान मला वाचता येईल अशी नव्हती.

तेव्हापासून मी साठवलेलं पान उत्तर म्हणून वापरत नाही. ते घेऊन माणसाकडे जाते. जुनं पान समोर दिसलं, की माणसांना जे आठवतं ते नुसत्या प्रश्नाने आठवत नाही. आणि उलटही खरं. काका म्हणाले होते की हे दोनच वर्षं चाललं. शिक्के सांगत होते चार. मी दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "असेल. पहाटेची दोन वर्षं तेवढी लक्षात राहिली."

९. नावं झाका

गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी निघाली, ६,९२५ घरांची. अशा सोडतींच्या विजेत्यांच्या याद्या संकेतस्थळावर लागतात. त्या दिवशी ते योग्यच असतं. कामगाराला, त्याच्या वारसाला कळायलाच हवं. पण साठ्यात गेलेली यादी कायम राहते, आणि तिच्यातला माणूस आपलं नाव कुठे पडून आहे हे जाणत नाही. मी अशा याद्यांमधून गिरण्यांची नावं आणि संख्या घेतल्या, माणसांची नावं टिपणात उतरवलीसुद्धा नाहीत. पुरावा अपुरा पडतो असं एका परीक्षकाने सुचवलं होतं. माझा निर्णय मी बदलला नाही.

१०. आपली प्रत आपल्याकडे ठेवा

ऑगस्ट २०१७ मध्ये एके सकाळी वेबॅक मशीन भारतातून उघडेना. चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात हजारो पत्त्यांसोबत तोही पत्ता अडवला गेला होता. काही दिवसांनी वाट मोकळी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि पुन्हा काही दिवस सगळं बंद. दोन्ही वेळा माझं काम चालू राहिलं ते फक्त उतरवून ठेवलेल्या प्रतींवर.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यातलं एक आपल्या टाउन हॉलमध्ये आहे. १९५६ पासून वर्तमानपत्रंही त्या कायद्यात आली. संकेतस्थळं त्यात नाहीत. 'डीएनए' दैनिकाने ऑक्टोबर २०१९ मध्ये छापील अंक थांबवून केवळ डिजिटल राहायचं ठरवलं. अशा प्रत्येक वेळी फायलींची परंपरा जिथे तुटते, तिथून पुढचं मुंबईचं रोजचं जगणं सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संस्थेच्या भरवशावर आहे. मला याची मनापासून काळजी वाटते. ग्रंथसंग्रहालयात फाइल उचलायला दोन माणसं होती. इथे एकही नाही. महिन्यातून एक रविवार मी यादीतल्या चाळीस संस्थांची पानं स्वतः साठ्यात चढवते आणि एक प्रत घरच्या डिस्कवर घेते. दोन विद्यार्थिनी आता सोबत बसतात.

परळच्या काकांकडून निघताना त्यांनी पोटमाळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दिला होता. आत सहा सीडी, कार्यालय हलवताना फेकल्या जाणार होत्या म्हणून त्यांनी घरी आणलेल्या. चार वाचता आल्या नाहीत. पाचवीत नुसते मथळे. सहावीत एक फाँट होता, जाड, नाव कधी न ऐकलेलं. तो संगणकावर बसवला आणि वहीत उतरवलेली ती चिन्हं टंकली. चौकटीतली ओळ वाचता आली: 'आजचा अंक येथे सकाळी ९.३० नंतर उपलब्ध होईल.' काकांना फोन केला. ते म्हणाले, "ती चौकट मीच लावली होती. लोक फोन करून विचारायचे ना."